तेल पाजलेली रबरं

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाला गेलं, की पंगत उठायच्या आत एखादा म्हातारा काका किंवा मामा माझ्याकडे बोट दाखवतो आणि आपल्या नव्या सुनेला सांगतो, "हिनं लढाईच्या वर्षी गाडी ठोकली होती बरं का!" सून तोंडाला पदर लावून हसते. मी हसत नाही. मला जिलबी कडू लागायला लागते. एकदा मी त्या काकांना म्हटलंसुद्धा, की तुम्ही तेव्हा नागपुरात पंख्याखाली झोपला होतात, तुम्हाला काय माहीत? तर ते म्हणाले, "अगं, गंमत करून राहिलो." माझ्या अंगाची लाही होते ती याच गमतीनं.

तेव्हा पुन्हा एकदा सांगते. मी गाडी ठोकली नाही. गाडीला ब्रेक नव्हते. ते का नव्हते हे आमच्या घरात तिघांना माहीत होतं, आणि तिघांपैकी दोघं गप्प बसले होते.

आम्ही जबलपूरला अधारतालला राहायचो. बाबा तोफांच्या कारखान्यात होते. शहरातली निम्मी मराठी घरं तेव्हा कुठल्या ना कुठल्या फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. बाबांचं काम तोफेचा दणका झेलणाऱ्या नळकांड्याचं. तोफ उडाली की मागे येते, तिला आतलं तेल आणि चामड्याची वॉशरं अडवून धरतात. ही वॉशरं बसवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चामडं कोरडं बसवलं तर फाटतं, म्हणून ते आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवायचं. याला बाबा 'तेल पाजणं' म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी चामड्याला तेल पाजलं, आणि मग हळूहळू दिसेल त्याला पाजायला लागले. घरातल्या स्टोव्हच्या पंपाचं वॉशर, दाराच्या बिजागऱ्या, माझ्या चपलांचे पट्टे, सायकलची गादी. दिवाळीत फराळाच्या झाऱ्यालासुद्धा त्यांनी एकदा तेल पाजलं होतं, तेव्हा आईनं तो झारा अंगणात फेकला होता. आम्ही त्यांच्या या खोडीला हसायचो. फॅक्टरीवाल्यांच्या घरी असं एकेक असतंच. शेजारचे रंगखात्यात होते, त्यांच्या घरची तुळसही लष्करी हिरव्या कुंडीत होती.

गाडी आमच्याकडे आली ती छावणीतल्या एका साहेबाकडून, त्याची बदली झाली तेव्हा. जुनी विलायती, वयानं माझ्याहून मोठी, रंग उडालेला. बाबांनी ती चालती केली आणि मलाच चालवायला शिकवलं. त्यांना डबल शिफ्ट असायची, आईला बाजारहाटाला न्यायला कोणी नसायचं. शिकवताना ते ओरडायचे, पण शिकवलं चांगलं. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. साडी नेसून, केस घट्ट बांधून मी कमानिया गेटच्या गर्दीतून ती गाडी न्यायची, तेव्हा टांगेवाले थांबून बघायचे. एक जण म्हणाला होता, "दीदी, घोड़ा है कि मोटर?" मी म्हटलं, हट जाओ भैया, दोन्ही लाथ मारतात.

लढाई सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांत जबलपूर स्टेशनावरून जवानांच्या गाड्या जायला लागल्या. शाळेच्या एक मोठ्या बाई होत्या, आम्ही त्यांना बहनजी म्हणायचो. हिंदी बोलणाऱ्या, कडक, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांनी बायकांची एक समिती उभी केली. गाडी येणार अशी खबर आली की घराघरांतून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि चहा स्टेशनावर न्यायचा. पुऱ्या लाटायला बायका खूप होत्या, पण चहाची पिंपं आणि पुऱ्यांच्या टोपल्या न्यायला मोटार हवी. मोटार आमच्याकडे होती आणि ती चालवणारी मी होते. बहनजींनी मला विचारलं, "चला लोगी?" मी म्हटलं, चला लूँगी.

खरं सांगायचं तर आयुष्यात त्याआधी कोणाला मी कशासाठी हवी असं झालं नव्हतं. घरी मी भाजी निवडायला हवी असायचे, कॉलेजात हजेरीला. इथे मात्र पलीकडे हजारभर जवान आगगाडीच्या खिडकीतून हात काढून उभी असायची, आणि माझी गाडी फलाटाच्या फाटकाशी लागल्याशिवाय त्यांना चहा मिळायचा नाही. आई माझ्या शेजारी बसायची, मांडीवर चहाची किटली, मागे पिंप. ती आयुष्यात इतकी बाहेर कधी पडली नव्हती. एकदा परत येताना मला म्हणाली, "तू चालवतेस तेव्हा मला झोप येते गं." आईच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

मग ब्रेक उतरायला लागला. पायाखाली पेडल मऊ लागायचं, एकदा दाबून पुरायचं नाही, दोनदा दाबावं लागायचं. डब्यातलं ब्रेक ऑइल कमी व्हायचं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि ओली बोटं मला दाखवली. "व्हील सिलिंडर गेले," म्हणाले. मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये एकेक छोटं नळकांडं असतं. पेडल दाबलं की त्यातल्या रबराच्या वाट्या बाहेर सरकतात आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबून धरतात. ती रबरं झिजली होती. त्या दिवसांत सुटे भाग मिळणं म्हणजे देव भेटणं. बाबा कमानिया गेटपाशी दुकानं पालथी घालून आले, आणि एका दुकानात मागच्या कोपऱ्यातून नवे सिलिंडर निघाले, वर एक डबीभर जास्तीची रबरं. बाबा ते घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्न जमवून आल्यासारखा होता.

ते सिलिंडर बंद खोक्यातले, तयार होते. तसेच चढवायचे. पण फॅक्टरीतल्या माणसाला दुसऱ्याच्या हातचं बसवायचं नसतं. "कोणी बसवलं काय माहीत," म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी दोन्ही सिलिंडर उघडले, रबरं काढली, आईच्या हाताशी असलेली कढीची पितळी वाटी घेतली, तिच्यात फॅक्टरीच्या पद्धतीनं मशीनचं तेल ओतलं आणि रबरं बुडवली.

आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. "अहो, रबराला तेल काहून पाजून राहिले?"

"बसवताना सरकतं. फाटत नाही."

"ते चामड्याचं. रबराला तेल लागलं की ते फुगतं ना. माझ्या कुकरची रिंग नाही का फुगली, तुम्ही तेल लावलं तेव्हा? झाकणच बसेना."

बाबांनी वर पाहिलंही नाही. "हा काय तुझा कुकर आहे? आत ऑइलच तर भरायचंय. तू पोळ्या कर."

आईनं पोळ्या केल्या. मी दारात उभी राहून हे सगळं ऐकलं. आई बरोबर बोलत होती की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना माहीत असायला हवं होतं. सगळं आयुष्य ज्या माणसानं तेलात आणि वॉशरांत घालवलं, त्याला बायकोच्या कुकरकडे एकदा बघायला काय झालं होतं? सकाळपर्यंत रबरं त्या वाटीत पडून होती.

दुसऱ्या दिवशी बाबांची सुटी होती. अंगणात गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, ड्रम हातोडीनं कडेकडेनं ठोकत उतरवले. आतून काळी धूळ आणि तो ओला, आंबूस वास. स्प्रिंगा सुटताना एक उडून तुळशीत पडली, ती मी शोधली. बाबांनी ब्रेकचे शू बाजूला केले, जुने सिलिंडर काढले, नवे चढवले, पाइप आवळला. काम देखणं होतं, ते नाकारत नाही. मग हवा काढायची. नळीत हवा राहिली तर पेडल मऊ राहतं, म्हणून एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी बारीक नट सैल करून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे. हे एकट्याला होत नाही. मी आत बसले. बाबा गाडीखाली गेले. "दाब." मी दाबायची. "धर. सोड." मी सोडायची. शेवटी पेडल पायाखाली विटेसारखं घट्ट लागलं, आणि आम्ही दोघंही खूश झालो.

काही दिवसांनी मागच्या चाकांतून जळका वास यायला लागला. गाडी सोडली तरी हवी तशी पळायची नाही, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. स्टेशनाहून आल्यावर मी चाकाला हात लावला तर तवा. मी बाबांना सांगितलं. ते डबल शिफ्टवरून आले होते, डोळे लाल. "शूचं लायनिंग घासून बसून राहिलं आहे. बसेल हळूहळू." मी म्हटलं, एकदा उघडून बघा ना. "तू चालव फक्त," म्हणाले. "बाकी माझ्यावर सोड."

मी सोडलं. सगळ्या घरानं सगळं त्यांच्यावरच सोडलेलं असायचं.

त्या दुपारी स्टेशनावरून खबर आली होती की जवानांची गाडी वेळेआधी येते आहे. पिंप चढवलं, टोपल्या चढवल्या, आई किटली घेऊन शेजारी बसली. रेल्वे पुलावर चढलो तोवर ठीक होतं. पुलाच्या उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं, फळीला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी हँडब्रेक ओढला, तो कुरकुरला आणि काही झालं नाही, कारण मागचे शू तोवर ऑइलनं भिजून गुळगुळीत झाले होते. मी गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. समोर एक बैलगाडी आणि तिच्यापुढे शाळेच्या पोरी रांगेनं. त्या वर्षी रस्त्याच्या कडेला हवाई हल्ल्यात लपण्यासाठी चर खणलेले होते आणि त्यांची माती कडेला ढीग करून ठेवलेली होती. मी गाडी त्या ढिगात घातली. विचार करून घातली. आई ओरडली नाही. ती दोन्ही हातांनी किटली धरून बसली होती, म्हणून तिनं समोर हात टेकला नाही, आणि तिचं उजवं मनगट डॅशबोर्डवर आपटलं.

पुऱ्या रस्त्यावर, चहा मातीत. शाळेच्या पोरी रडत होत्या, पण एकीलाही ओरखडा नव्हता. लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली, आणि गाडी आमच्या चहावाचून निघून गेली.

बाबांना फॅक्टरीतून कोणीतरी बोलावून घेतलं. ते सायकलवर आले. रस्त्यावर तोवर गर्दी होती, बहनजी होत्या, समितीच्या बायका होत्या. आई दगडावर बसली होती, हात मांडीत धरून, पांढरीफटक. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चाकाकडे न वाकता, ड्रमला हात न लावता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घबरा गई. ब्रेक दबाया ही नहीं."

मी म्हटलं, "बाबा, पेडल खाली गेलं."

"क्लच दाबला असेल. गडबडीत होतं असं."

क्लच! मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, माझ्या साडीवर चहा होता, आणि माझा बाप पंचवीस बायकांसमोर सांगत होता की मला उजवा-डावा पाय कळत नाही. बहनजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "बेटी, अब तुम आराम करो." त्यानंतर टोपल्या एका ठेकेदाराच्या ट्रकातून जायला लागल्या. मला कोणी बोलावलं नाही. गल्लीतून जाताना कोणी ना कोणी विचारायचं, आईचा हात कसा आहे, आणि त्या विचारण्यात सगळं असायचं.

गाडी ओढून अंगणात आणून ठेवली होती. बाबा तिला हात लावत नव्हते. लढाई पेटली होती, ते घरी फक्त झोपायला यायचे. मी एके सकाळी जॅक लावला. पाहून पाहून सगळं मला येत होतं. चाक काढलं, ड्रम ठोकत उतरवला. आत सगळं ओलं, चिकट. सिलिंडर उघडून मी रबर बाहेर ओढलं तर ते निघेना, इतकं आत दाटून बसलेलं. शेवटी निघालं ते रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखं फुगलेलं, मऊ, कडा वाकड्या झालेलं. नखानं दाबलं तर दबून राहायचं. ज्या कडेनं ऑइल अडवायचं तीच कड उलटली होती. मी आत जाऊन डबीतलं जास्तीचं, न वापरलेलं रबर आणलं. शेजारी ठेवलं. एक कडक, नीट, लहान. एक मोठं आणि लोळागोळा झालेलं.

मी ती दोन्ही त्याच पितळी वाटीत ठेवली आणि बाबा जेवायला बसले तेव्हा ताटाशेजारी ठेवली.

बाबांनी घास खाली ठेवला. फुगलेलं रबर उचललं, अंगठ्यानं दाबलं. हे बघताना मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. त्यांना कळलं. तोफेच्या नळकांड्यात हात घालून दोष सांगणारा माणूस तो, त्याला एका अंगठ्यात कळलं. आणि मग त्यांनी ते परत वाटीत टाकलं. "लढाईतला माल," म्हणाले. "असाच येतो." आणि भाताला वरण घेतलं.

मी आईकडे वळले. तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता, ती डाव्या हातानं वाढत होती. "आई, तू सांग. तू म्हणाली होतीस ना, रबराला तेल लावू नका. कुकरच्या रिंगेचं बोलली होतीस."

आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "असेन बोलली. आता लक्षात नाही बाई."

मी उठून परसात गेले. ती मागून आली. मी तिच्याकडे पाठ करूनच उभी होते. ती म्हणाली, "तुझं काय, तू उद्या लग्न होऊन जाशील. यांना रोज फॅक्टरीच्या त्याच गेटातून जायचंय. लढाई चालू आहे, यांच्या हातची तोफ तिकडे गेली आहे. घरच्या गाडीचं रबर बसवता येत नाही असं झालं तर लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आणि मला लोक काय म्हणून राहिलेत?"

तिच्या हाताला प्लॅस्टर माझ्यामुळे नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी तिनं ते माझ्या नावावर बसू दिलं, कारण माझं नाव तसंही दुसऱ्या घरी जाणार होतं. बाबांवर माझा राग होता, पण तो नेहमीचा, ओळखीचा राग. आईवरचा राग मला नवीन होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस कणीक मीच भिजवायची, तिचा हात चालत नव्हता म्हणून, आणि मी ती परातीत अशी आपटायची की शेजारीण भिंतीवर थाप मारायची.

लढाई संपली. गावात फटाके वाजले, ब्लॅकआउटसाठी दिव्यांवर लावलेले काळे कागद निघाले. थोड्या दिवसांनी जवानांच्या गाड्या परतायला लागल्या, आणि बाबांनी सुटीच्या दिवशी गाडी काढली. ढिगात घुसलेलं नाक ठोकून सरळ केलं, मग मागची चाकं. मी ओसरीवर बसून बघत होते. त्यांनी सिलिंडर स्पिरिटनं धुतले. डबीतली नवी रबरं काढली. आणि ती त्यांनी तेलात बुडवली नाहीत. तेलाचा डबा त्यांच्या हाताशी होता, त्यांनी तो पायानं लांब सारला, आणि रबरांना फक्त ब्रेकच्या ऑइलचा थेंब लावून ती बसवली; ते ऑइल वेगळं, त्यानं रबर फुगत नाही. म्हणजे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या दिवशी माझ्यासमोर ताटावर बसले होते, तेव्हाही माहीत होतं.

"चल, बस," म्हणाले. ते मागच्या चाकापाशी गाडीखाली गेले, फक्त पाय बाहेर राहिले. मी आत बसले.

"दाब."

मी पाय उचलला नाही. ठरवून आले होते असं नाही. पायच हलेना. इतके दिवस ज्यांनी जगाला सांगितलं की मी दाबलाच नाही, ते आता मला दाब म्हणत होते.

"अगं दाब ना. काय करून राहिली?"

तेवढ्यात फाटक वाजलं. बहनजी आल्या होत्या. आई लगबगीनं बाहेर आली. बहनजींनी गाडी बघितली आणि खूश झाल्या. बाबांच्या पायांकडे वाकून म्हणाल्या, "भाई साहब, परसों जवानों की गाड़ी है. ट्रक अब नहीं मिलेगा. आपकी छुट्टी हो तो आप चला देंगे?"

खालून बाबा म्हणाले, "हाँ हाँ बहनजी, मैं ही चलाऊँगा. चिंता मत कीजिए."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी तिथे आहे हे त्या दोघांच्याही लेखी नव्हतं. आई दाराशी आली, खाली वाकली, कुजबुजली, "उठ. पाहुण्यांसमोर तमाशा नको. मी दाबते." मी उतरले. आई, जी कधी त्या बाजूला बसली नव्हती, ती पदर खोचून, प्लॅस्टर नुकतंच निघालेला वाळका हात मांडीवर ठेवून माझ्या जागी बसली.

"दाब," खालून आवाज आला.

आईनं दोन्ही पायांनी पेडल दाबलं.

"धर. सोड. दाब. हां, अस्सं!" बाबांना गाडीखालून आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. पेडल घट्ट होत चाललं होतं, त्यांचा आवाज खुलला. ते बहनजींना ऐकू जावं म्हणून हिंदीत म्हणाले, "देखिए बहनजी, लड़की ने उस दिन ऐसे ही दबाया होता, तो माँ का हाथ न टूटता."

आईचे पाय पेडलवर होते. मग तिनं पाय उचलले. पेडल वर आलं त्याचा टक्क आवाज झाला. ती उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि पितळी वाटी घेऊन आली. ती वाटी तिनं मला न सांगता फडताळात जपून ठेवली होती, आत दोन्ही रबरं तशीच.

घरातलं भांडण आमच्याकडे मराठीत व्हायचं आणि घरातच राहायचं. आई बहनजींशी हिंदीत बोलली, थांबत थांबत, पण फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. "बहनजी, अभी मैं दबा रही थी. लड़की ने भी उस दिन इतना ही दबाया था. ब्रेक था ही नहीं. ये रबर इन्होंने रातभर तेल में भिगोए थे, मेरी इसी कटोरी में. मैंने मना किया था. फिर मैं चुप रही."

बहनजींनी वाटीतलं रबर बोटानं दाबून पाहिलं. बाबांचे पाय गाडीखालून हलले नाहीत. ते बाहेर आले नाहीत. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. एवढं एक वाक्य होतं, आणि ते बोलायला आईला एक अख्खी लढाई जावी लागली, याचाच मला संताप आला. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

बहनजींनी वाटी आईच्या हातात परत दिली. पाण्याला थांबल्या नाहीत. फाटकाशी वळून त्यांनी मला विचारलं, "परसों ग्यारह बजे. चला लोगी?"

"चला लूँगी," मी म्हणाले.

त्या गेल्या. आई वाटी घेऊन आत गेली. अंगणात मी आणि गाडीखालचे ते पाय. मग खालून आवाज आला, हळू, नेहमीचा नव्हता तो.

"दाब."

माफी नव्हती त्यात, पुढेही कधी आली नाही. मी आत बसले आणि दाबलं. त्यांच्यासाठी नाही. परवा गाडी मला चालवायची होती.